दत्तूचा अंतरपाट

आमच्या दत्तूचे हात म्हणजे मी. हे मी नाही म्हणत, सगळी चाळ म्हणायची. आणि कोणी म्हटलं की मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राहायची, म्हणजे त्यांनी अजून एकदा म्हणावं. दत्तू माझ्या पाठचा भाऊ. त्याचं अंग जन्मापासून ताठ. झोपेत इतर पोरांसारखा मऊ असायचा, पण जागा झाला आणि काही करायचं त्याच्या मनात आलं की हात लाकडासारखे व्हायचे, मुठी मिटायच्या, आणि जे घ्यायचं त्याच्या बरोबर उलट्या बाजूला हात जायचा. कळायचं मात्र सगळं. बोलायचा थोडं, तेही आम्हा घरच्यांनाच समजेल असं. त्याला काय म्हणतात, त्यावर काय करतात, तेव्हा कोणाला ठाऊक होतं? कल्याणच्या डॉक्टरांनी "हा असाच राहणार" म्हणून सांगितलं. आई त्याला घेऊन घरी आली, चुलीवर भात ठेवला, आणि त्याला माझ्या मांडीवर दिला. तेव्हापासून तो माझा.

शहाडजवळ मोहन्याला कंपनीच्या मागच्या अंगाला आमची चाळ होती. आम्ही जातीचे कोळी, पण बाबा कंपनीत लागलेले, पाळीची नोकरी. भोंगा वाजला की एका घरातून डबा बाहेर पडायचा आणि दुसऱ्या घरात चपला आत यायच्या. तरी बाबांचं नदीचं वेड सुटलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी जाळं खांद्यावर टाकून निघायचे. मिळालं तर मरळ, नाहीतर मूठभर कोळंबी, आणि काहीच नाही मिळालं तर "पाणी बघून आलो" म्हणायचे. आई सकाळीच मासळीची पाटी घेऊन शहाडच्या बाजाराला जायची. दुपारी ती घरात शिरली की आधी तिचा वास यायचा, मग बांगड्यांचा आवाज, मग ती. दोन खोल्यांत ओलं जाळं, सुकट, घासलेट आणि दत्तूच्या डोक्याला लावलेलं खोबरेल, असे सगळे वास एकमेकांत मिसळून राहिलेले असायचे. आज डोंबिवलीला मुलाच्या फ्लॅटमध्ये मी सुकट भाजायला घेतली की सून आधी खिडक्या उघडते, मग माझ्याकडे बघून हसते. मी म्हणते, उघड बाई, पण मला थोडं घेऊ दे नाकात.

शाळेतून आले की दत्तू माझ्याकडे. तांदळाची भाकरी जवळ्याच्या कालवणात कुस्करायची, बोटाने बारीक करायची, आणि त्याची जीभ पुढे यायच्या आत घास आत सरकवायचा. ते एक तंत्र होतं आणि ते मलाच जमायचं. मग खेळ. खुळखुळा असला तर त्याच्या मुठीत कोंबायचा, वरून माझी मूठ आवळायची आणि हलवायचा. चेंडू असला तर त्याचे दोन्ही हात धरून ढकलायचा. आणि चित्रं! ओट्यावर गेरूने चित्रं काढायची आम्हाला भारी हौस. आम्हाला म्हणजे मला. त्याची मूठ माझ्या मुठीत घ्यायची, आत गेरूचा खडा, आणि मी हात फिरवायची. माडाचं झाड, होडी, होडीच्या डोक्यावर सूर्य. येणारंजाणारं थांबायचं. "दत्तूने काढलं? वा रे बाबा!" आणि मग लगेच, "सुमीमुळे हो. सुमी नसती तर या पोराचं काय झालं असतं?" हे दुसरं वाक्य ऐकायला मी दिवसभर गेरू उगाळायला तयार असायची.

मग मला गालफुगी झाली. दोन्ही गाल ढोलासारखे. दत्तूला लागू नये म्हणून मला आतल्या खोलीत ठेवलं आणि मधल्या दाराला पडदा लावला. मी पडद्याआडून ओरडायची, "आये, त्याला जवळा बारीक कर! आये, त्याचं डोकं डाव्या बाजूला घे!" आई म्हणायची, "गप गो, तुझ्या आधी मीच जन्माला घातलाय त्याला." पण तिला बाजार होता. म्हणून तिने शेवटच्या खोलीतल्या शालनला सांगितलं, जरा बस गं पोराजवळ.

शालनची माणसं नुकतीच राहायला आलेली. तिचे वडील कंपनीत, आई चाळीच्या मोकळ्या खोलीत लहान पोरांची बालवाडी घ्यायची, म्हणून तिला सगळे बाई म्हणायचे. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली पांढरं फूल ठेवलेलं. घर लख्ख. आणि त्या लख्ख घरात शालन नावाची जी मुलगी होती ती माझ्याच वर्गात, आणि तिच्याइतकी आळशी मुलगी मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. पोटावर पडून पुस्तक वाचायची. पाणी हवं असलं तर उठायची नाही, कोणी येईपर्यंत तहानलेली राहायची. अशा मुलीच्या हाती माझा दत्तू! मी पडद्याआड पडल्यापडल्या मनात म्हणायची, दोन दिवसांत पळून जाईल. मग आई माझ्या गालावर हात ठेवून म्हणेल, बाय माझी, लवकर बरी हो गं.

ती पळाली नाही. पळायला उठावं लागतं. झालं असं, की दत्तूला मांडीवर घेऊन बसायचा तिला कंटाळा आला. हात धरून खुळखुळा हलवायचा त्याहून कंटाळा. पुस्तकाचं पान कसं उलटणार? म्हणून तिने काय केलं, पावडरचा रिकामा डबा घेतला, त्यात चिंचोके भरले, आणि आढ्याला सुतळीने टांगला. सुतळीचं दुसरं टोक दत्तूच्या पायाच्या अंगठ्याला. पाय त्याचा हातापेक्षा बरा होता, हे मला माहीत होतं, पण त्याचा काही उपयोग असेल असं डोक्यात आलं नव्हतं. पायाला कोण खेळणं देतं? त्याने पाय झाडला, डबा खडखडला. तो दचकला. पुन्हा झाडला. मग, आई सांगायची, तो असा हसला की शेजारची काशीमावशी हातातलं पीठ तसंच ठेवून बघायला आली. मी पडद्याआड तो खडखडाट ऐकत होते. पोरगी उठून डबा वाजवतेय असं मला वाटत होतं.

मी बरी होऊन बाहेर आले तर आमच्या घराचं कोळ्याच्या जाळ्यासारखं झालेलं. जिकडे तिकडे दोऱ्या. चेंडू बाबांच्या फाटक्या जाळ्याच्या तुकड्यात बांधून दारात लोंबत होता, ढकलला की परत दत्तूकडेच यायचा, आणायला कोणी धावायला नको. ओट्यावर पाट तिरका उभा केलेला, मागे वीट. आणि दत्तूच्या मुठीत जाळं तरंगत ठेवणारा जुना बोया, भेंडाचा, हलका, त्याच्या मुठीत बरोबर बसेल एवढा. बोयाला भोक पाडून त्यात कोळसा खोवलेला. शालन बाजूला पालथी पडून वाचत होती.

"हे काय गं?" मी विचारलं.

"चित्र काढतोय," ती मान न उचलता म्हणाली.

"एकटा?"

"मग किती जण काढतात?"

मी वाकून पाहिलं. पाटावर काळ्या रेघोट्यांचा गुंता. एक रेघ जोरात वर गेलेली, पाटाच्या बाहेर भिंतीवर. "ही तर गिचमीड आहे," मी म्हणाले. "दत्तू, ये, आपण होडी काढू." मी त्याची मूठ धरली आणि बोया काढायला गेले. त्याने मूठ उघडली नाही. एरवी त्याची मूठ उघडत नसे ती अंगामुळे. त्या दिवशी ती मुद्दाम उघडली नाही, आणि हा फरक माझ्याशिवाय कोणालाही कळला नसता. "नाय," तो म्हणाला.

शालनने तेवढ्यात पान उलटलं.

संध्याकाळी बाबा पाळी संपवून आले. चपला काढता काढता ओट्याकडे वळले आणि तसेच एक चप्पल पायात ठेवून थांबले. माझ्या होड्या आणि माड त्यांनी रोज पाहिलेले. "झ्याक हाय" म्हणून आत जायचे. पण त्या दिवशी ते उकिडवे बसले. रेघेवर बोट न टेकवता, वरूनच, ती जशी गेली तसं बोट नेलं. पाटावरून वर, भिंतीवर. "ह्ये कोनी काढलं?" म्हणाले. कोणाचंच नाव न घेता आई म्हणाली, "त्यानं." बाबा बराच वेळ बसून राहिले. भोंगा झाला, चहा निवला. मी आतून बघत होते. माझ्या एका तरी होडीपुढे ते असे बसले होते का कधी? आणि होडी तर ओळखू येत होती!

हेवा म्हणजे काय ते मला त्या दिवसांत कळलं, आणि अजून विसरले नाही. तोंडाला चव नसायची. भाकरी घशाखाली जायची नाही. आई म्हणायची, "काय गो सुमे, तोंड बघ, पापलेटासारखं झालंय. गाल उतरले तरी फुगतेस कशापायी?" शालन दारात आली की दत्तू आवाज करायचा, घशातून, गायीच्या वासरासारखा. माझ्यासाठी करायचा नाही. माझ्यासाठी कशाला करेल, मी तर होतेच घरात! हे मला आत्ता लिहिताना कळतं, तेव्हा कुठे कळत होतं? तेव्हा एवढंच की तिने त्याला दोन सुतळ्या बांधून दिल्या आणि ती त्याची झाली. मी चार वर्षं मांडी दिली. बाई येऊन लेकीचं कौतुक करून जायच्या ते आणखी वेगळं. "हिला घरात कपबशी उचलायला नको, पण बघा कसं डोकं चालतं." कपबशी न उचलणाऱ्या मुलीचं कौतुक, आणि जवळा बारीक करणारीचं काय?

माझी नात ठाण्याला अशाच मुलांच्या शाळेत शिकवते. परवा मला घेऊन गेलेली. काय एकेक वस्तू! जाड मुठीचे ब्रश, मनगटाला पट्टीने बांधायचे. उतरती टेबलं. मोठ्ठं बटण, हाताने, कोपराने, डोक्याने कशानेही दाबा, तिकडे माकड टाळ्या वाजवतं. एक चिमुरडी हनुवटीने बटण दाबत होती आणि मजा बघत होती. नात म्हणाली, "आजी, आम्ही पालकांना पहिली गोष्ट हीच सांगतो. मुलाचा हात धरून चित्र काढून द्यायचं नाही. ते मग आपलं चित्र होतं." मी म्हटलं, "बरं." आता तिला काय सांगू, की हे वाक्य ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे पालथी पडलेली शालन आली आणि मला पुन्हा तसाच हेवा वाटला? या वयात! शालन कल्याणला असते. दत्तू शहाडला, त्याच्यानंतर झालेल्या आमच्या धाकट्या भावाकडे, केस पांढरे झाले त्याचे. ती त्याला मोबाइलवर व्हिडिओ कॉल करते आणि तो अजून तसाच वासरासारखा आवाज करतो. मी समोर बसलेली असले तरी.

तर उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि चाळीतल्या पोरींनी बाहुलाबाहुलीचं लग्न काढलं. बाहुली शालनची. कल्याणच्या जत्रेतली, आडवी केली की डोळे मिटणारी. बाहुला माझा, मामाने चिंध्यांचा करून दिलेला, टोपी घातलेला, एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा. म्हणजे मी वरमाय आणि ती माझी विहीण. मला आनंद झाला. वरमायेला मान असतो, वरमायेने नाक मुरडलं की समोरच्यांनी पाया पडायचं असतं. मी आठवडाभर आधीपासून नाक मुरडायला सुरुवात केली. "मुलीकडून मानपान काय?" "मांडव कोण घालणार? मुलीकडचे घालतात." शालन म्हणायची, "घालू की. तू सांग कसा, आम्ही बसून ऐकतो." हिच्यापुढे रुसायचं तरी कसं? तिला रुसवा कळायचाच नाही.

पण माझ्या मनात एक बेत होता. लग्नात दत्तूला मान द्यायचा. नवऱ्या मुलाचा मामा म्हणून अंतरपाट त्याने धरायचा. एका बाजूला चाळीतलीच पुष्पी आणि दुसऱ्या बाजूला दत्तू. दत्तू म्हणजे मी. त्याला मांडीवर घ्यायचा, त्याची मूठ माझ्या मुठीत, मुठीत कापडाचं टोक, आणि सावधान झालं की दोघांनी मिळून खाली सोडायचं. सगळी चाळ बघणार. सगळे म्हणणार, सुमीमुळे हो. मी हे रात्री झोपताना पुन्हा पुन्हा बघून ठेवलेलं, अगदी मी कुठलं परकर-पोलकं घालणार इथपर्यंत.

मी बेत सांगितला तर शालन म्हणाली, "अंतरपाट म्हणजे?"

पोरी हसायला लागल्या. पुष्पी म्हणाली, "अगं लग्न पाहिलं नाहीस कधी?"

"पाहिलीत की. आमच्यात नसतं ते. वंदना होते, हार घालतात, झालं. पांढरे कपडे. छान दिसतं." मग विचार करून म्हणाली, "म्हणजे मध्ये पडदा असतो आणि मग तो पडतो?"

"पडत नाही, धरतात. दोघं दोन बाजूंनी धरतात," मी म्हणाले.

"कशाला? हात दुखत नाहीत? दोरीवर टाकायचा. दोरी सुटली की पडेल." तिने तिथेच दत्तूकडे मान वळवली. "दत्तू, तू पाडशील पडदा?"

दत्तूने पाय झाडला.

बघा, तिला अंतरपाट ठाऊक असता तर तिनेही माझ्यासारखं, धरायचा कोणी, हाच विचार केला असता. तिने कधी पाहिलाच नव्हता, म्हणून तिला तो नुसता पडदा दिसला. आणि माझा बेत माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी म्हटलं, "अंतरपाट पायाने पाडत नाहीत! देवाब्राह्मणाचं काम!" काशीमावशी तांदूळ निवडत होती, तिने मान डोलावली. "खरं हाय पोरीचं. पाय नाय लावायचा." मला बरं वाटलं. हाताने त्याला जमणार नाही, मग येतीलच माझ्याकडे. शालनने खांदे उडवले. "बरं, मग हाताने." आणि ती थेट माझ्या बाबांकडे गेली. बाबा दारात जाळं सांधत बसलेले. तिने विचारलं, काका, अशी गाठ असते का की एका टोकाला ओढली की सगळी सुटते? बाबांचा चेहरा जो फुलला! "हाय ना बाय, ये, बस." त्यांनी तिला मांडी ठोकून समोर बसवलं आणि दोरी हातात दिली. घोळ घाल, आतून काढ, आता खेच. सुटली! दोघं हसले. मी आत ताक घुसळता घुसळता बघत होते. मला कधी गाठ शिकवली नाही. मी कधी विचारलंही नव्हतं, ते वेगळं.

लग्नाच्या दिवशी चाळीचा मधला चौक सारवून काढला. प्रत्येक घरातून काहीतरी आलेलं. कोणाकडून वाटीभर तांदूळ, कोणाकडून डाळ, गूळ, पुष्पीच्या आईने पापड तळून दिलेले. बाईंनी शिरा केलेला, वर काजू, लहान पोरं त्या पातेल्याभोवती माश्यांसारखी. माझ्या आईने बाजारातून येताना झेंडूच्या दोन माळा आणलेल्या, त्यांना मासळीचा वास येत होता, पण बाहुल्यांनी तक्रार केली नाही. दोन खांबांना दोरी, दोरीवर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, त्यावर हळदीचं स्वस्तिक. एका खांबाला ती गाठ, गाठीच्या टोकाला सुतळी, सुतळीच्या टोकाला बोया, आणि बोया दत्तूच्या मुठीत. दत्तूला भिंतीला टेकवून, दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेलं, कपाळाला नाम ओढलेला. मी वरमाय म्हणून बाहुला घेऊन पलीकडे उभी. त्याच्यापासून लांब. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या जवळ कोणीच नव्हतं.

पुष्पीने मंगलाष्टकं सुरू केली. चाल खरी, शब्द आमचे. "वांगी बटाटे टोमॅटो आले बाजारी, नवरा आमुचा चालला शहाडी, कुर्यात सदा मंगलम्, शुभमंगल सावधान!" सगळ्यांनी तांदूळ टाकले. सगळे दत्तूकडे वळले. दत्तूचा हात ताठ पुढे गेला. ओढायचं होतं आपल्याकडे, हात गेला समोर. सुतळी सैल पडली, अंतरपाट तसाच.

"अजून एक म्हण," शालन म्हणाली. पुष्पीने म्हटलं. सावधान! हात पुन्हा समोर. आता पोरं ओरडायला लागली. "ओढ! दत्तू ओढ! ए दत्तू, खेच!" कोणी टाळ्या वाजवल्या. काशीमावशी म्हणाली, "आरं बाबा, मुहूर्त टळतोय." मोठी माणसंही दारांत येऊन उभी. पुष्पीचे शब्द संपले, तिने पापडावर एक रचलं, मग शिऱ्यावर. पोरं हसत होती, भुकेली होती, ओरडत होती. आणि दत्तू लाल झालेला, मान मागे गेलेली, दोन्ही हात समोर ताणलेले. बाबा दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं मी बघितलं आणि नजर काढून घेतली.

खरं सांगते, माझ्या मनात आलं, आता बोलवतील. आता कोणीतरी म्हणेल, सुमी, जा गं, धर त्याचा हात. मी बाहुला खाली ठेवायच्या तयारीत होते.

आणि तेवढ्यात शालन पुढे झाली. घाबरलेली. तिला मी कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. ती दत्तूच्या शेजारी गुडघ्यावर बसली आणि तिने त्याच्या मुठीकडे हात नेला. त्याच्या मुठीवर. माझ्या जागेवर.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "खबरदार त्याच्या हाताला हात लावलास तर!"

शालनचा हात हवेत राहिला. "अगं पण त्याला जमत नाहीये," ती रडवेल्या आवाजात म्हणाली.

"जमतंय! तुम्ही ओरडताय म्हणून तो ताठ होतो! चूप बसा सगळे! पुष्पे, तूसुद्धा!"

लोक नंतर म्हणाले, केवढी समज पोरीला. बाई तर मला जवळ घेऊन म्हणाल्या, तूच खरी शिक्षिका. कसली समज? त्या हातावर दुसऱ्या कोणाचा हात पडलेला मला बघवत नव्हता, बस. आवाजाने तो ताठ होतो हे मात्र खरं होतं, आणि चार वर्षांच्या मांडीने मला ते शिकवलेलं.

कंपनीची घरघर ऐकू यायला लागली, ती एरवी आम्हाला ऐकू येत नसे. एक कावळा पापडांच्या ताटाजवळ उतरला, त्यालाही कोणी हाकललं नाही. दत्तूची मान हळूहळू पुढे आली. खांदे खाली आले. हात पुढेच होते, पण आता ताणलेले नव्हते, नुसते होते. त्याने बोयाकडे पाहिलं. खालचा ओठ दातांत धरला. हात आधी वर गेला, मग बाजूला, मग कुठेतरी वाट चुकल्यासारखा थांबला. मग कोपर वाकलं, आणि हात छातीकडे आला.

अंतरपाट पडला. मंगलाष्टक नाही, सावधान नाही, काही नाही. लुगड्याचा तुकडा फसकन खाली आला आणि स्वस्तिक मातीत.

मग जो आरडाओरडा झाला तो काय सांगू. तांदळाचा पाऊस, पोरं नाचताहेत, आई पदराने डोळे पुसतेय आणि हसतेय, बाबा दारातून नाहीसे झालेले, आत जाऊन तोंड धूत होते. मी आणि शालन दोघी दत्तूजवळ. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, की आता तो माझ्याकडे बघेल. त्याने पाहिलं नाही. शालनकडेही नाही. तो त्या पडलेल्या कापडाकडे बघत होता, तोंड उघडं, लाळ गळतेय, डोळे एवढे मोठे. आम्ही दोघी तिथे नव्हतोच. ते कापड होतं आणि तो होता.

"माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही गं," शालन म्हणाली.

"माझ्याकडे तरी कुठे बघितलं?" मी म्हणाले.

"पुना," दत्तू म्हणाला.

पोरं शिऱ्याकडे धावलेली. आम्ही दोघींनी कापड उचललं, माती झटकली, शालनने खांबाला ती गाठ पुन्हा घातली. ती त्या बाजूला गेली, मी या बाजूला, आणि टाचा उंचावून ते दोरीवर नीट करायला लागलो. मध्ये कापड, ती मला दिसत नव्हती, नुसती बोटं दिसत होती. आमचं व्हायच्या आत, आम्हाला न विचारता, दत्तूने ओढलं. कापड दोघींच्या हातांतून सुटून खाली गेलं, आणि समोर शालन उभी, नाक लाल, गाल फुगलेले, रडायच्या बेतात. अगदी माझ्यासारखी.

दत्तू हसत सुटला.